कोठारातल्या कारकुनाचा खून

मी आयुष्यात एकच खून केला. दुपारी पावणेदोनच्या सुमारास, कर्नाटकाच्या हद्दीतल्या रामनगरच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये. ज्याला मारलं तो दम्याचा, सभ्य, वयस्क गृहस्थ होता आणि त्याने माझं काहीही वाकडं केलेलं नव्हतं. या प्रकरणात मी लेखी खुलासा दिला आणि तो मंजूरही झाला. कुणाचा गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो, तो गृहस्थ कॉम्प्युटरवरच्या खेळातला होता. पण त्या उन्हाळ्यात आम्हा चौघांना तेवढ्याने काही फरक पडला नाही.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. मी सत्तावीस वर्षांचा. इन्स्टिट्यूट एका निवृत्त मुख्याध्यापकांची. त्यांना सगळा गाव 'सर' म्हणायचा. आठ टाइपरायटर होते, पाच इंग्रजी आणि तीन कन्नड, आणि ते शिकवायला मी होतो. पुढचा काळ कॉम्प्युटरचा आहे असं सरांनी कुठेतरी ऐकलं आणि बेळगावहून एक कॉम्प्युटर आणवला. दारावर नवी पाटी लागली. मागच्या खोलीला पडदा लागला. चपला बाहेर काढायच्या असा नियम झाला. सरांच्या पत्नीने उरलेल्या सोफ्याच्या कापडातून यंत्राला झालरीचं आच्छादन शिवलं. रोज सकाळी त्याच्यापुढे उदबत्ती लागायची. एवढं सगळं झालं, फक्त विद्यार्थी आले नाहीत. लोक पडद्याआडून डोकावून जायचे, देवळातल्यासारखे, आणि टाइपरायटरवर येऊन बसायचे.

"आपल्याकडची हवा दमट," सर म्हणाले. "यंत्र रोज तासभर चालू ठेवत जा. बंद राहिलं तर बुरशी धरेल."

म्हणून दुपारी एक ते दोन यंत्र गरम ठेवणं हे माझं काम झालं. दोन दिवस मी त्याच्यासमोर हात बांधून बसलो. तिसऱ्या दिवशी बटण दाबून बघितलं, तर यंत्राचा छोटा ड्रॉवर बाहेर आला आणि त्यात एक सीडी होती. यंत्र बसवायला आलेला मेकॅनिक विसरून गेला असावा.

तो खेळ लपतछपत चालण्याचा होता. कुठलं तरी परदेशी, तटबंदीचं जुनं शहर. आपण भाडोत्री माणूस. लढायचं नाही, लपायचं. अंधारात उभं राहायचं, पहारेकरी बोलतात ते ऐकायचं, त्यांची पाठ वळली की पुढे सरकायचं. फरशीवर पाय वाजला की पहारेकरी वळायचा, विचारायचा आणि मारायचा. पहिल्या आठवड्यात मी पहिल्या दाराच्या पुढे गेलो नाही. इंग्रजीसाठी मांडीवर डिक्शनरी असायची. ती चाळेपर्यंत पहारेकरी येऊन उभा राहायचा.

इन्स्टिट्यूटच्या मागच्या घरात एक निवृत्त जंगल वॉचर मुलीकडे राहायला आले होते. उभी नोकरी अणशीकडच्या रानात गेलेली. मी त्यांना मामा म्हणायचो. दुपारी ते आमच्या व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसायचे. एके दिवशी त्यांनी पडदा बाजूला केला.

"मास्तर, आत कोण चालतंय?"

"मीच."

"तुमी तर बसलायसा."

मी खेळ दाखवला. त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे फारसं बघितलं नाही. स्पीकरकडे कान केला आणि डोळे मिटले. "टाच आदी टेकवतोय ह्यो गडी," ते म्हणाले. "त्या समोरच्याचं सोळा पावलं जाणं, बारा येणं. येताना लांब टाकतोय, घाई हाय त्येला. तो वळतोय तवा उभं ऱ्हावा, पाठ करतोय तवा चला. आणि मदी दम खावा. दमच खात न्हाई तुमी."

त्या दिवशी मी पहिलं दार ओलांडलं. पुढच्या आठ दिवसांत तीन वाडे आणि एक पूल. माझ्या हातात फक्त माऊस होता. चालत होते ते मामा.

तिसऱ्या आल्या अक्का. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. चाळिशी उलटल्यावर त्यांना कन्नड टायपिंगची परीक्षा द्यायला सांगितलं होतं. दवाखाना आटोपून एक वाजता यायच्या. मला तम्मा म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ. अर्ध्या तालुक्याला इंजेक्शनं दिलेली बाई. त्या टाइपरायटरवर दहा ओळी बडवायच्या आणि पडद्याआड यायच्या.

शेवटी सरही आले. दारात उभे राहून त्यांनी दहा मिनिटं बघितलं. माझी नोकरी गेली असं मी धरून चाललो होतो.

"ह्याने इंग्रजी सुधारतं का?" त्यांनी विचारलं.

"सुधारतं सर."

दुसऱ्या दिवशी पाटीवर एक ओळ वाढली. 'इंग्रजी संभाषण वर्ग, दुपारी एक ते दोन.' सरांनी खुर्ची आणून सर्वांच्या पुढे ठेवली.

असे आम्ही चौघे त्या शहरात हिंडत असताना एका खाणावळीच्या मागच्या दाराशी एक म्हातारा भेटला. त्याने चिठ्ठी दिली. मी डिक्शनरीच्या आधारे तिचा अर्थ सांगितला. खालच्या वस्तीतल्या अकरा कुटुंबांच्या जमिनीचे कागद कोठारातल्या कारकुनाने जाळले. आता आपलं घर कुठे होतं हे त्या लोकांना दाखवता येत नाही. कारकुनाला संपवावं. बदल्यात मऊ तळव्याचे बूट मिळतील, फरशीवर न वाजणारे.

खेळात करायच्या कामांची यादी असायची. नकाशा चोरणे, तटावरून उतरणे वगैरे. तिच्या तळाशी फिक्या अक्षरांत हे काम आलं, आणि पुढे 'ऐच्छिक' असं होतं.

"ऐच्छिक म्हणजे मार्क धरत नाहीत," सर म्हणाले.

पण बाकीच्यांना ते फिकं वाटलं नाही. आमच्या रामनगरातली निम्मी घरं धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतून उठून आलेली. कागद म्हणजे काय हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

"कागद जाळला?" अक्का म्हणाल्या. "मग मार की रे तम्मा. इच्यारतोस काय."

"असं कसं," सर म्हणाले. "त्याची बाजू ऐकून घ्यायला नको? आधी चौकशी."

चौकशी चार दुपारी चालली. कोठारात जिन्याखाली धान्याची पोती होती. मी त्यांच्यामागे जाऊन बसायचो आणि आम्ही चौघे ऐकायचो; इंग्रजीचा अर्थ मी किंवा सर सांगायचो. कारकून म्हातारा, कमरेत वाकलेला. सारखा खोकायचा. त्याच्या पायाशी एक कुत्रं बसलेलं असायचं आणि तो आपल्यातली अर्धी भाकर त्याला घालायचा. खेळात तो पाव असावा, पण मामांनी भाकर ठरवली आणि ती भाकरच राहिली. पहाऱ्यावरचा तरुण शिपाई त्याच्याशी गप्पा मारायला यायचा. एके दिवशी त्याने विचारलंच, कागद तुम्हीच जाळले का?

कारकून म्हणाला, हो. वरून हुकूम आला होता. जाळण्याआधी नक्कल करून ठेवायचं माझ्या मनात होतं. पण शाई संपली होती. मागणी पाठवली होती, ती मंजूर होऊन आली नाही.

सरांनी चष्मा काढून पुसला. एकतीस वर्षं नोकरी केलेला माणूस.

"शाईची मागणी वेळेवर मंजूर झाली नाही, तर त्यात त्या बिचाऱ्याची काय चूक?" ते म्हणाले.

"शाई न्हवती तर पेन्सिल न्हवती काय?" अक्का म्हणाल्या.

"सरकारी दप्तरात पेन्सिल चालत नाही."

"आग चालतीया."

मी मामांना विचारलं, तुमचं काय मत. त्यांनी आधी तंबाखू मळून घेतली.

"लई वर्सं झाली," ते म्हणाले. "एक हत्ती माणूस मारत हुता. मारायचा लेखी हुकूम आला. बाहेरनं बंदूकवालं सायेब आलं. त्यांच्यासंगं म्या, वाट काढायला. माजा पाय वाजत न्हवता म्हणून मलाच धाडलं. कागदावर लिवलं हुतं, डावा सुळा मोडका. पाटंच्या धुक्यात म्या सायबाला हत्तीच्या लई जवळ न्हेला. मोडका सुळा हुता. पर उजवा."

"मग तुम्ही सांगितलं नाही?" सरांनी विचारलं.

"तोंड उगडलं असतं तर हत्तीनं ऐकलं असतं. पुना सायेब म्हनाला असता, तुला डावं-उजवं कळंना. म्या गप ऱ्हायलो. सायबाला कुटं ठावं. त्यानं बार टाकला." त्यांनी तंबाखू ओठाखाली सारली. "ह्या म्हाताऱ्याला ऱ्हाऊ द्या. कुत्रं हाय त्येला."

अक्का मारा म्हणत होत्या, मामा नको म्हणत होते. माझं मत कुणी विचारलं नाही. सरांनी खुर्चीतून उठून निर्णय दिला. तूर्त स्थगिती.

स्थगिती एक दिवस टिकली. दुसऱ्या दिवशी सर लग्नाला खानापूरला गेले. अक्का लसीकरणाला नंदिगड्ड्याकडे. मामांच्या नातवंडांना ताप, म्हणून तेही आले नाहीत. मी एकटा यंत्र गरम ठेवायला बसलो.

मी तेव्हाचं खरं सांगतो. त्या अकरा कुटुंबांचा विचार माझ्या मनात नव्हता. न्यायाचा तर नव्हताच. यादीतली ती एक ओळ अपुरी होती, तिच्यापुढे बरोबरची खूण नव्हती, आणि मला ते बघवत नव्हतं. दिवसभर मुलांच्या कागदावरची सुटलेली अक्षरं शोधणारा माणूस मी. शिवाय बूट हवे होते. माझ्या खऱ्या पायातल्या चपलेला दोनदा अंगठा लावून झाला होता, आणि न वाजणारे बूट मिळतायत म्हटल्यावर हात आपोआप त्या जिन्याकडे वळला.

मामांनी शिकवलेलं सगळं मी वापरलं. दम खाल्ला. शिपायाची पावलं मोजली. कारकून भिंतीकडे तोंड करून काहीतरी वाचत होता. कुत्र्याने माझ्याकडे बघितलं आणि ते भुंकलं नाही. चार दिवस पोत्यांमागे बसल्यामुळे ओळखीचा झालो असेन, किंवा खेळ करणाऱ्याने त्याला भुंकायला शिकवलं नसेल. मागून गळा आवळायचं एक बटण होतं. ते दाबलं. एक दबका आवाज आला, पोतं सरकवल्यासारखा. यादीत खूण उमटली. घड्याळात पावणेदोन झाले होते.

खाणावळीच्या मागच्या दाराशी गेलो. म्हाताऱ्याने बूट दिले, एका वाक्यात आभार मानले आणि आत जाऊन दार लावून घेतलं. कुटुंबांबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. मी खेळ साठवून ठेवला. एकच नोंद ठेवायची, नाहीतर यंत्र भरेल, असा सरांचा दंडक होता, म्हणून आधीची पुसून तिच्यावरच ठेवला.

पुढच्या दिवशी सगळे जमले तेव्हा मी कोठाराचा विषय काढला नाही. सरळ पुढच्या वाड्यात शिरलो. चांगली लांबलचक दगडी फरशी होती. मी दमदार चालत निघालो. मामा नेहमीसारखे डोळे मिटून बसले होते. त्यांनी डोळे उघडले.

"मास्तर, पाय कुटं गेलं?"

"कुणाचे?"

"तुमचं. फरशीवर चाललायसा न्हवं? आवाज न्हाई."

मी म्हणालो, स्पीकर बिघडला असेल. तेवढ्यात स्पीकरमधून पहारेकरी खोकला, अगदी खणखणीत.

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. "मारलास," त्या म्हणाल्या. चार दिवस मार मार म्हणणारी बाई, पण आवाजात काही आनंद नव्हता.

मामा उठले. बाहेर जाऊन चपला पायात घातल्या आणि घरी गेले.

सर मुख्याध्यापकाच्या आवाजात म्हणाले, "स्थगिती असताना तुम्ही कारवाई केलीत. लेखी खुलासा द्या."

मी हसलो, पण ते हसत नव्हते. खुलासा फाइलला लावायचा, म्हणून कन्नडमध्ये हवा होता. माझं कन्नड बोलण्यापुरतं आणि बघून टाइप करण्यापुरतं, मजकूर रचता यायचा नाही. म्हणून मी सांगत गेलो आणि अक्कांनी तो कन्नड टाइपरायटरवर उतरवला. 'मी, खाली सही करणारा, कबूल करतो की मी सदर गृहस्थांच्या मागून जाऊन त्यांचा गळा आवळला व त्यांना ठार केले. मोबदल्यात मला बुटांचा एक जोड मिळाला. पुन्हा असे होणार नाही.' अक्कांनी एकही चूक न करता टाइप केलेला तो पहिला कागद. त्यांनी त्याची एक कार्बन कॉपी सरावाच्या वहीत चिकटवायला घेतली.

दोन आठवड्यांनी इन्स्टिट्यूटच्या तपासणीला एक साहेब आले. भिंतीवरचं घड्याळ, टाइपरायटरच्या फिती, हजेरीपट सगळं बघितलं. मग विद्यार्थ्यांच्या कामाची फाइल मागितली. सरांनी घाईत दुसरीच फाइल पुढे केली. साहेब पानं उलटत गेले आणि एका पानावर थांबले. ते पान त्यांनी दोनदा वाचलं. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे. मी अनवाणी होतो.

"साहेब, तो माणूस खेळातला आहे," सर म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "कॉम्प्युटरवरचा खेळ."

"खेळातला असू दे," साहेब म्हणाले. "फाइलमध्ये आहे ना?"

सरांनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

"आदेश लेखी होता?" त्यांनी मला विचारलं.

"हो. चिठ्ठी होती."

"सही कुणाची?"

"एका म्हाताऱ्याची. खाणावळीच्या मागच्या दारातला."

"हुद्दा?"

"हुद्दा माहीत नाही साहेब."

साहेबांनी मान हलवली, असली प्रकरणं रोज बघत असल्यासारखी. लाल पेन काढला आणि खुलाशाच्या समासात कन्नडमध्ये शेरा लिहिला. ते गेल्यावर अक्कांनी तो वाचून दाखवला. 'टायपिंग स्वच्छ. समास योग्य. खुलासा मान्य. यापुढे मूळ आदेशाची प्रत सोबत जोडावी.'

सर इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांना चहा मागवला. त्यांच्या लेखी प्रकरण मिटलं होतं. माझ्या लेखी मिटायला हवं होतं. पण व्हरांड्यातला बाक रिकामा होता. संध्याकाळी मी मागच्या घरी गेलो. मामा अंगणात भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडून वाळत घालत होते. बोटं लालभडक.

"मामा, रागावलात?"

"राग कशाचा. नातवंडं काव आणत्यात, सवड न्हाई."

नातवंडं तिकडे विटीदांडू खेळत होती.

मग मी एक वेडेपणा केला. खेळ अगदी पहिल्यापासून सुरू केला. बूट नाहीत, मामा नाहीत, पहिलं दार. बारा दिवस लागले. तेच वाडे, तोच पूल, तीच चिठ्ठी. मी चिठ्ठी घेतली आणि खाणावळीच्या दाराकडे पाठ करून कोठारात गेलो. कारकून खोकत बसला होता, कुत्र्याला तुकडा टाकत होता. मी तसाच खेळ थांबवून मामांना बोलवायला गेलो. ते आधी नको म्हणाले, मग हात धुऊन आले.

सर आणि अक्काही होते. मामांनी या वेळी डोळे उघडे ठेवले. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

"ह्यो दुसरा हाय," ते म्हणाले.

"तोच आहे मामा. परत पहिल्यापासून खेळलो."

"त्यो मेला की. ह्यो दुसरा." पण ते उठले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "द्या बघू ते हिकडं."

मी माऊस त्यांच्या हातात दिला. चालायचं बटण दाखवलं. मामा पोत्यांमागून उठले आणि लपले नाहीत. सावली सोडून सरळ दिव्याखालून निघाले, फरशीवर टाचा खाड खाड वाजवत, कारकुनाच्या समोरून.

"मामा, दिसताय तुम्ही," मी म्हणालो.

"दिसू दे. मागनं न्हाई जायाचं."

ते त्याच्या टेबलापुढे जाऊन उभे राहिले. एवढ्या दिवसांत आम्ही कारकुनाचा चेहरा पहिल्यांदाच समोरून बघितला. त्याच्या मिशा पांढऱ्या होत्या. तो ताडकन उठला, त्याने हाळी दिली. गप्पा मारणारा तो तरुण शिपाई धावत आला आणि त्याने मामांना दोन घावांत आडवं केलं. पडदा लाल झाला.

अक्का पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. सर म्हणाले, "हे मात्र नियमाला धरून झालं."

मामाही हसले. "भ्याला बिचारा," ते म्हणाले आणि माऊस माझ्याकडे सरकवला.

मेअखेरीस दहावीचे निकाल लागले आणि कॉम्प्युटर शिकायला अकरा विद्यार्थी आले. दुपारची वेळ त्यांना द्यावी लागली. सरांनी सीडी पाकिटात घालून बेळगावच्या मेकॅनिकला पोस्टाने पाठवली, सोबत मी टाइप केलेलं पत्र. मामा पाऊस लागेपर्यंत रोज बाकावर यायचे आणि आतून टाइपरायटरचा आवाज आला की कोणत्या विद्यार्थ्याचं कोणतं बोट कच्चं आहे ते मला सांगायचे. बहुतेक वेळा ते बरोबर असायचं.